शून्य दिसलं पाहिजे

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साचायच्या. बाटल्यांच्या तळाशी गाळ आणि चहाच्या टेबलाभोवती किस्से. गाळ आम्ही वाळवायचो, तोलायचो, ग्रॅममध्ये रजिस्टरात चढवायचो. किस्से मात्र कुणी तोलले नाहीत, त्यामुळे किती जमले याचा हिशोबच नाही. आता कुणी भेटलं आणि "काय गं, तुमच्या त्या चिखलाच्या ऑफिसात काय चालायचं?" असं विचारलं, की एक सांगायला घ्यावा आणि त्याच्या खालून चार वर यावेत!

तर ऑफिस पापडीला. एका घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरचा बोर्ड इतका लांबलचक की तो वाचून होईपर्यंत एस.टी. निघून जायची. काम मात्र एका ओळीचं. वसईच्या खाडीत गाळ किती येतो, कुठून येतो आणि कुठे बसतो, ते बघायचं.

माणसं आम्ही चारच. टिपणीस साहेब ज्युनिअर इंजिनिअर. बोलणं कमी, कानावर पेन्सिल कायम. काशिनाथ शिपाई, गिरीजच्या केळीच्या वाडीतला. सरकारी होडी चालवणारे दुमिंगकाका, खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. आणि मी, मिस लोपीस, बी.एस्सी. केमिस्ट्री. हुद्दा प्रयोगशाळा सहायक, स्वभाव घाबरट. फोन वाजला तरी मी दचकायची. आणि फोन आमच्याकडे नव्हताच, तो शेजारच्या दुकानात वाजायचा!

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल. दुमिंगकाकांच्या गावच्या धक्क्याकडे येणारी पाण्याची वाट वर्षागणिक उथळ होत चालली होती. भरती असली तरच होड्या आत. ओहोटी लागली की बाहेर ताटकळत बसा, तोवर मासळी उन्हात. मग बायका चिखलात गुडघाभर रुतत, डोक्यावर टोपल्या घेऊन ती काठाला आणायच्या. गावाने अर्जावर अर्ज केले. शेवटी वरून उत्तर आलं, की एक वर्ष मोजणी करा. गाळ चढतोय असं दिसलं तर ड्रेजर पाठवून वाट खोल करून देऊ. नाही दिसलं तर फाइल बंद.

आणि मोजणार कोण? मी!

* * *

पहिला दिवस. होडीतून खाडीत जायचं, ठरलेल्या ठिकाणी बाटल्या बुडवून पाणी भरून आणायचं. सहा बाटल्या व्यवस्थित भरल्या. सातवी भरण्यासाठी बादली वर घेतली, तर तिच्यातून बोटभर लांबीचं, डोक्यावर डोळे असलेलं काहीतरी टुणकन उडालं आणि माझ्या मनगटावर बसलं.

मी अशी किंचाळले की काठावरचे बगळे उडाले. बाटली पाण्यात.

दुमिंगकाका वल्हं तसंच धरून शांतपणे म्हणाले, "निवटी मासली हाय ती, बाय. चिखलात र्‍हाते. तू तिला भ्यालीस, ती तुला भ्याली. फिट्टंफाट."

टिपणीस साहेब खोटं लिहायचे नाहीत. त्यांनी रजिस्टरात नोंद केली, 'नमुना क्रमांक सात : निवटीमुळे सांडला.' महिन्याचा अहवाल मुंबईच्या मोठ्या ऑफिसात गेला आणि पंधरा दिवसांत पत्र आलं. 'निवटीचा तातडीने बंदोबस्त करून तसे कळवावे.'

मी तर गारच पडले. पहिल्याच महिन्यात माझ्यामुळे पत्र! साहेब पेन्सिल हातात घेऊन विचार करत बसले. काशिनाथने चहाचे कप ठेवता ठेवता पत्राकडे नजर टाकली आणि म्हणाला, "लिहा साहेब, बंदोबस्त झाला म्हणून. काल दुमिंगकाकांकडे कालवण होतं."

* * *

बाटल्यांचं पुढे काय करायचं, तर शेल्फवर ओळीने ठेवायच्या आणि बघत बसायचं. गाळ किती वेळात खाली बसतो, ते घड्याळ लावून टिपायचं. खाडीच्या तोंडाकडचं खारं पाणी तासाभरात निवळायचं. पण वरून नदीतून येणारं पावसाळ्यातलं गोडं पाणी म्हणजे नुसता चहा! दोन दिवस झाले, तीन दिवस झाले, गढूळ ते गढूळच. मी दर तासाला उठून बाटल्यांना नाक लावायची. रात्री घरी जेवताना सुद्धा पाण्याचा पेला उजेडात धरून बघायला लागले होते.

चौथ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर सगळ्या बाटल्या आरशासारख्या स्वच्छ! गाळ तळाशी घट्ट बसलेला.

टिपणीस साहेबांना असं उत्तेजित झालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "मिस लोपीस, रात्रीचं तापमान किती होतं? हवेचा दाब? हे काहीतरी नवीन आहे हं!" त्यांनी कोरा कागद घेतला, आलेख काढायला सुरुवात केली.

काशिनाथ झाडू घेऊन दारात उभा. "साहेब, ते मी केलं. बाई रोज काळजी करतात, बघवत नव्हतं. तुरटी फिरवली सगळ्यांत." साहेबांचा चेहरा बघून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, "चांगली तुरटी आहे साहेब, आमच्या घरच्या माठात फिरवतो तीच!"

ती सगळी खेप फेकून द्यावी लागली. पण साहेब रागावले नाहीत. त्यांनी नदीच्या पाण्याची आणखी एक बाटली घेतली आणि तिच्यात मिठागरातलं मूठभर मीठ टाकलं. आमचा चहा पिऊन होईस्तोवर त्या पाण्यात गाळाचे कण एकमेकांना धरून पुंजके करायला लागले आणि खाली बसायला लागले.

"बघा," साहेब म्हणाले, "मातीचे बारीक कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात. खारं पाणी लागलं की ते एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि पडतात. म्हणजे नदी आपला गाळ घेऊन येते आणि जिथे समुद्राचं पाणी भेटतं, तिथेच टाकते."

काशिनाथ म्हणाला, "म्हणजे तिथे देवानेच तुरटी फिरवलीय."

दुमिंगकाका इतका वेळ खिडकीत बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "आनि ती दोन पान्यं भेटतात कुठं, साहेब?"

साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. नेमकी काकांच्या धक्क्यासमोर.

काकांनी उठून त्या टिंबावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इतकी मोठी खाडी. त्यांना भेटायला दुसरी जागा नाय घावली?"

* * *

दुमिंगकाकांना नकाशा लागायचा नाही. त्यांच्याकडे दोरीला बांधलेला शिशाचा गोळा होता. गोळ्याच्या बुडाला वाटीसारखा खड्डा, त्यात साबण भरलेला. गोळा तळाला सोडायचा, वर ओढायचा, आणि साबणाला चिकटून जे येईल ते काका बोटांत चोळायचे, हुंगायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि होडी कुठे आहे ते सांगायचे. दाट धुकं असलं तरी!

टिपणीस साहेबांना हे पटेना. एके दिवशी त्यांनी गोळा स्वतःच वर ओढला आणि होडीत माझ्या मागे लपून, डब्यातला चिखल त्या साबणाला लावला. तो डबा काशिनाथने घरून आणला होता. मला आधीच घाम फुटलेला. मला कुणाची चोरी लपवता येत नाही, अगदी परीक्षेत शेजारच्या मुलीने कॉपी केली तरी घाम मलाच यायचा.

काकांनी चिखल चोळला. हुंगला. जिभेला लावला. थुंकले.

"साहेब," ते म्हणाले, "हितं खाडी नाय. हितं केलीची वाडी हाय. आनि तिला परवाच शेन घातलंय."

काशिनाथचा चेहरा पडला. "परवा नाही हो," तो पुटपुटला, "कालच घातलं."

* * *

त्याच काळात मला बघायला लोक येत होते. एकदा राजोडीकडची एक सोयरीक आली. मुलाची आई चांगली शिकलेली, बोलायला गोड. विचारलं, "काय करता मग तुम्ही ऑफिसात?"

मी घाबरले की खरं बोलते. म्हटलं, "चिखल मोजते."

बाईंनी केकचा तुकडा परत बशीत ठेवला. "आणि मोजून झाला की?"

"पुन्हा मोजते. पंधरा दिवसांनी."

माझे वडील शाळामास्तर, त्यांना राहवलं नाही. पुढे सरकून म्हणाले, "तसा साधा नाही हो. सरकारी चिखल आहे!"

ती सोयरीक तिथेच बसली, तळाशी.

* * *

आता धक्क्यावरच्या खांबाचं सांगते.

गाळ चढतोय की नाही, हे बघायला साहेबांनी धक्क्याजवळ चिखलात एक लोखंडी खांब पक्का रोवला होता. त्यावर पांढऱ्या रंगाने सेंटीमीटरच्या खुणा. रोवला त्या दिवशी चिखलाच्या पातळीला शून्य. दर पंधरा दिवसांनी, ठरल्या तारखेला, ओहोटीच्या वेळी मी जायचं आणि चिखल कुठल्या आकड्यावर आला ते लिहायचं. झालं! वर्षाअखेरीस जो आकडा येईल, त्यावर ड्रेजर.

पहिल्या खेपेला आम्हाला पोचायला उशीर झाला. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, सगळीकडे गढूळ. मला खांबावर काहीच दिसेना. मी होडीतून इतकी वाकले की काकांनी मागून माझा पदर धरून ठेवला. "काका, शून्य कुठाय? शून्य दिसलं पाहिजे हो! शून्य नाही दिसलं तर मी साहेबांना काय सांगू? नोकरी जाईल माझी!" माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं होतं.

"जाते कशी नोकरी," काका म्हणाले. "पुढल्या टायमाला दिसंल. तू नको भिऊ."

आणि खरंच दिसलं. पुढच्या खेपेला शून्य, त्याच्या पुढच्या खेपेला शून्य. पावसाळाभर शून्य, दिवाळीला शून्य. खांबाभोवती पाण्याचं लहानसं स्वच्छ तळं आणि त्यात शून्य कसं लख्ख!

मला आधी बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. डोळे तपासून आणले. चष्म्याची गरज नाही म्हणाले. कारण तिकडे होड्या तर जास्तच अडकत होत्या. धक्क्यावरच्या बायका टोपल्या उतरवता उतरवता विचारायच्या, "काय गं बाय, किती झाला?" मी म्हणायची, "शून्य." त्या एकमेकींकडे बघायच्या, मग स्वतःच्या चिखलाने भरलेल्या पोटऱ्यांकडे. एकदा एक जण म्हणाली, "मंग ह्ये काय आमी मेंदी लावलीय?"

* * *

खांब बघून झाला की काकांच्या घरी चहा ठरलेला. घर धक्क्याला लागूनच. काकी मला ओट्यावर बसवायच्या आणि चहाबरोबर भाजलेला बोंबील द्यायच्या.

पहिल्यांदा गेले तेव्हा तो ओटा इतका बुटका होता, की बसलं की गुडघे हनुवटीला लागायचे. गणपतीच्या सुमारास मला तिथे आरामात बसता यायला लागलं. नाताळात करंज्या खायला बसले, तर पाय जमिनीला टेकेनात!

दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं. मी घरी आले आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिले. "आई, माझी उंची कमी झालीय का गं? बघ ना!"

आईने डोक्यावर पट्टी धरली, मोजलं आणि म्हणाली, "उंची आहे तेवढीच आहे. बाकीचं मोजायचं साधन माझ्याकडे नाही."

* * *

वर्ष संपायला आलं. शेवटच्या दोन खेपा राहिल्या होत्या. त्या पंधरवड्यात आमची ठरलेली तारीख नेमकी चर्चच्या सणाला आली, म्हणून साहेब म्हणाले, "एक दिवस आधी उरकून टाकू." दुमिंगकाकांना निरोप धाडायला कुणी नव्हतं. मी आणि साहेब बांधावरून चालतच निघालो.

धक्क्यावर पोचलो, तर खाली चिखलात काका, काकी आणि शेजारच्या दोन बायका. काका फावड्याने खांबाभोवतीचा चिखल ओढतायत, बायका टोपल्या भरतायत. खांबाचं शून्य वीतभर गाळाखाली होतं, ते आता हळूहळू वर येत होतं.

"काका! हे काय?"

काकांनी मान वर केली. मला बघून आधी ओशाळले, मग हसले. "तू आज कशी आलीस, बाय? साफसफाई चाललीय. तूच बोललेलीस ना, शून्य दिसलं पायजे!"

काकी म्हणाल्या, "तुला सांगू नको म्हनत व्हता. म्हने, बायला वाटंल आपल्यापायी तरास झाला."

साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "दर पंधरा दिवसांनी?"

"एक खाडा नाय, साहेब!" काकांनी फावडं टेकवून छाती पुढे काढली. "पाऊस असो, ताप असो. तुमी येनार त्याच्या आदल्या दिशी सगला साफ. तुमच्या मोठ्या साहेबालाबी कलूं दे, आमचा गाव घान नाय."

टिपणीस साहेबांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि काही न लिहिता परत कानावर ठेवली. वर्षात पहिल्यांदाच.

म्हणजे सांगायचं मलाच होतं. मी धक्क्याच्या पायरीवर बसले. "काका, शून्य झाकलं जायला हवं होतं. चिखल शून्याच्या किती वर चढला, तेच तर लिहायचं होतं. चढला असता तर ड्रेजर येणार होता. आता रजिस्टरात वर्षभर शून्यच शून्य आहे. चूक माझी आहे काका, मीच तसं बोलले."

काकांनी फावडं चिखलात रोवलं. काकींनी भरलेली टोपली खाली ठेवली.

मग काका म्हणाले, "म्हंजे वरीसभर ड्रेजर मीच व्हतो काय?"

कुणीच हसलं नाही. आज लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी परत येताना बांधावर मी मनातल्या मनात राजीनामा तीनदा लिहिला.

* * *

साहेबांनी वर खरं तेच कळवलं. खांब साफ केला जात होता, म्हणून शून्य. वास्तविक गाळ चढतो आहे. उत्तर लगेच आलं. 'वर्षभरात काढलेला गाळ किती, याचा पुरावा नसल्यास फाइल बंद करण्यात येईल. वरिष्ठ साहेब स्वतः पाहणीस येत आहेत.'

पुरावा कुठून आणायचा? टोपल्या कुणी मोजल्या नव्हत्या. काशिनाथ मला धीर द्यायला म्हणाला, "बाई, काळजी करू नका, मी तुरटी..." आणि स्वतःच गप्प झाला.

मोठे साहेब जीपने आले, अकरा वाजता. नेमकी भरती! खाडी काठोकाठ भरलेली, उन्हात चमचमतेय, होड्या डौलात डुलतायत. चिखलाचा मागमूस नाही. साहेबांनी गॉगल काढला आणि म्हणाले, "वा! एवढं पाणी आहे की."

सगळा गाव जमलेला. काकींनी आपल्या रीतीप्रमाणे चहा ठेवला. "वर बसा, साहेब."

मोठे साहेब अंगाने जाड. त्यांना काही ओट्यावर चढता येईना. काशिनाथने मासळीचं खोकं पायरी म्हणून ठेवलं, टिपणीस साहेबांनी हात दिला, तेव्हा ते वर जाऊन बसले. बूट अधांतरी. एक घोट घेतला आणि माझ्याकडे हात केला. मी रजिस्टर दिलं.

त्यांनी पहिलं पान बघितलं, मधलं बघितलं, शेवटचं बघितलं. "शून्य. शून्य. शून्य." रजिस्टर मिटलं. "मिस लोपीस, तुमच्या ऑफिसच्या पत्रात लिहिलंय, गाळ आला आणि काढून टाकला. ठीक आहे. मग एवढा वर्षभराचा गाळ गेला कुठे? मला कागद नको, डोळ्यांनी दाखवा. नसेल तर फाइल मी आत्ता, इथेच बंद करतो."

टिपणीस साहेब खांबाकडे बघत होते, तो पाण्याखाली होता. बायकांनी पदर तोंडाला लावले.

दुमिंगकाका टॉवेलला हात पुसत पुढे आले.

"दावतो ना, साहेब. जरा उठावं लागंल तुमाला."

"का?"

"तुमी त्याच्यावरच बसलाव."